हरलीनच्या हातचा चहा

चंडीगडहून परत आल्यापासून सांगलीत मला प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "मग, सिमला केलंत ना?" नाही केलं. मनाली नाही, अमृतसर नाही, चंडीगडातलं ते दगडांचं प्रसिद्ध उद्यानसुद्धा नाही. बारा दिवस राहून काय केलं, तर भाकऱ्या थापल्या. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव दाटून येते ती पाहण्यासारखी असते. एवढ्या लांब जाऊन बाई परातीशीच बसली! म्हणून हे लिहायला घेतलं. सिमल्याची माहिती हवी असलेल्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

सेक्टर त्रेचाळीस

माझी मुलगी मुग्धा चंडीगडला एका इस्पितळात काम करते. भाजलेल्या माणसांचे हात आखडतात, बोटं मिटत नाहीत किंवा मिटली तर उघडत नाहीत. अशा हातांना ती पुन्हा बटण लावायला, पेन धरायला, घास घ्यायला शिकवते. जावई मोहालीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. सात वर्षांच्या नातीला, रेवाला, मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते. ह्यांना मांजराला एकटं टाकून येववेना, त्यामुळे मी एकटीच निघाले. बायकोला एकटं पाठववतं, मांजराला ठेववत नाही, असो.

दिल्लीहून येणारी बस सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर उतरवते. उतरले तर ऊन असं, की बसच्या दांडीला हात लावायची सोय नव्हती. माझ्या एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात पाच किलो ज्वारीचं पीठ. मुग्धाने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, "आई, बाकी काही आणू नकोस, पीठ आण." मला अर्थातच वाटलं, लेकीला आईच्या हातची भाकरी आठवतेय. डोळ्यांत पाणीही आलं होतं. ते किती अनाठायी होतं हे पुढे येईलच.

चंडीगड हे वहीच्या रेघांवर वसवलेलं गाव आहे. रस्ते सरळ, चौकाचौकांत गोल बागा आणि पत्ते म्हणजे नुसते आकडे. आमच्याकडे मारुतीच्या देवळामागे, पिंपळाला वळसा घालून, डाव्या हाताला कुत्रं भुंकेल तिथे, असा पत्ता असतो. इथे कुत्रीसुद्धा सेक्टर सोडून जात नसावीत. मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बहावा असा फुलला होता की टीका करायला निघालेली माझी जीभ दोन सेक्टर गप्प बसली. तिथे त्याला अमलतास म्हणतात.

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन होतात तोच मुग्धा म्हणाली, "आई, सोमवारपासून आमचा कॅम्प आहे. भाजून वाचलेल्या मुलांचा. सहा दिवस, तिथेच राहायचं. तुला यायचंय."

"मी येऊन काय करू?"

"भाकऱ्या थापायला शिकव. थापताना तळवा पूर्ण उघडतो, बोटं ताणली जातात. मी त्यांना रबराचे गोळे दाबायला दिले की कंटाळतात."

म्हणजे मला बोलावलं होतं ते रबराच्या गोळ्याच्या जागी. रेवा पिठाच्या पिशवीत डोकावून म्हणाली, "आजी, ये वाला मत बनाना, मुझे मैगी चाहिए." मी पिशवीचं तोंड बांधलं आणि आडवी झाले. प्रवासाचा शीण होता.

कॅम्प, सोमवार

शहराच्या कडेला एका शाळेने सुट्टीत आपली इमारत दिली होती. गच्चीवरून उत्तरेला डोंगरांची निळसर रेघ दिसते आणि तिच्या मागे तो सगळ्यांचा लाडका सिमला. चौदा मुलं होती, दहा ते सतरा वर्षांची. खरं सांगायचं तर पहिल्या दहा मिनिटांत मला कुठे पाहावं कळेना. कुणाचा कान नव्हता, कुणाची हनुवटी गळ्याला खेचलेली, दोघातिघांच्या अंगावर व्रण दाबून ठेवणारे घट्ट कातडीरंगाचे कपडे, आणि तेही त्या भट्टीसारख्या उकाड्यात. मुग्धाने सांगितलं, भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, म्हणून या मुलांना ऊन आपल्यापेक्षा जास्त बाधतं. त्यामुळे खेळ सकाळी लवकर आणि दिवस कलताना, दुपारी सगळे मोठ्या कूलरसमोर. मी न पाहायचा एवढा प्रयत्न करत होते की समोरच्या बादलीला ठेचकाळले. मुलं खो खो हसली. मग पाहणं सोपं झालं.

कॅम्प भरवणाऱ्या मंडळाच्या प्रमुख बावा मॅडम. निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात मोत्यांचा सर, आवाज असा की माइकने लाजावं. बाई मनाने सोन्यासारख्या, मुलांसाठी दारोदार फिरून गाद्या, पंखे, कूलर गोळा केलेले. त्यांनी मदतनिसांची बैठक घेतली आणि नियम सांगितले. मुलांच्या दृष्टीस जाळ पडता कामा नये. स्वयंपाकघर मागच्या अंगणात, मधे कापडी कनात, आणि कनातीपलीकडे एकाही मुलाने जायचं नाही. दुसरा नियम असा, की मुलांना कुठल्याही कारणाने रागवायचं नाही, चूक काढायची नाही. "ओन्ली पॉझिटिव्ह वर्ड्स, जी!" असं म्हणून त्यांनी आम्हाला शब्दांची यादीच दिली. वाह, सुपर, अमेझिंग, शाबाश.

मुग्धा माझ्या कानाशी लागली. "आई, नावं ठेवायची नाहीत. ऐकतेयस ना?"

एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली अजून बाजारात मला पाहिलं की ओढणी नीट करतात. मला नावं ठेवायची नाहीत म्हणजे माशाला पोहायचं नाही सांगण्यापैकी होतं. तरी मी मान डोलावली.

मग बावा मॅडमनी मुलांनाही जमवून छापील वेळापत्रक वाटलं. कुठल्याशा शाळेच्या सहलीचं त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलेलं असणार, कारण शनिवारच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "सायंकाळी कॅम्पफायर." मंडळातल्या सात सुशिक्षित माणसांनी ते तपासलं होतं. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या. सतरा वर्षांची, उंच, उजव्या बाजूने मान आणि हात भाजलेला. ती उठून अगदी नम्रपणे म्हणाली, "मैडम जी, कैम्पफायर तो हम घर से करके आए हैं."

चौदाच्या चौदा मुलं हसून हसून गडाबडा लोळली. मोठी माणसं दगड झाली. त्या मुलीचं नाव हरलीन. डेराबस्सीची, वडील तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात कामाला. बावा मॅडमनी दुपारपर्यंत सगळी पत्रकं परत गोळा केली आणि संध्याकाळी जाहीर केलं की कॅम्पफायर होईल, पण विजेची. लाल-पिवळे दिवे, त्यावर पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या आणि खालून टेबलफॅन. जाळ फडफडल्यासारखा दिसेल, उष्णता शून्य.

मंगळवार

सकाळच्या न्याहारीला परातीएवढे आलूपराठे आणि वर लोण्याचा गोळा. आमच्याकडे एवढं लोणी गोकुळाष्टमीला देवापुढे ठेवतात आणि तेही नंतर परत फ्रीजमध्ये जातं. इथे ते प्रत्येकाच्या ताटात, आणि नको म्हटलं तर दुप्पट. मी नको म्हटलं होतं.

दहा वाजता माझा तास, "महाराष्ट्र का स्वाद." जाळ निषिद्ध, म्हणून भाकरी इंडक्शनवर. इंडक्शनवरची भाकरी म्हणजे तालमीत न उतरता कुस्तीचं पुस्तक वाचणं. तवा तापतो, भाकरी भाजते, पण शेवटी विस्तवावर टाकल्यावर ती जी टम्म फुगते त्यातच तर सगळी गंमत. ती गंमत कनातीपलीकडे. मी तोंड मिटून परात पुढे ओढली.

मुलं थापायला लागली. ज्वारीचं पीठ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मदतनीस मुली प्रत्येक गोळ्यामागे "वाह! सुपर!" म्हणत होत्या. कुणाची भाकरी फाटली, सुपर. कुणाची जमिनीवर पडली, अमेझिंग. मी दहा मिनिटं धीर धरला. मग हरलीनची भाकरी माझ्यासमोर आली. सगळ्या कडा चिरलेल्या, मधे भोक.

"ये क्या किया?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आटा गूँधा ही नहीं तुमने. ये भाकरी है या पंजाब का नक्शा, वो भी चंडीगड निकालके? तोडो और फिर से करो."

बावा मॅडमचा हात मोत्यांच्या सराकडे गेला. मुग्धाने डोळे मिटून घेतले. हरलीनने भाकरी मोडली, गोळा केला आणि पुन्हा मळायला बसली. दुसरीही बिघडली. मी तसं सांगितलं. तिसऱ्या वेळी तिचा आखडलेला उजवा तळवा दुखत असणार, कारण ती ओठ चावत होती, पण भाकरी गोल झाली. मी म्हटलं, "चलेगी." माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठं प्रमाणपत्र मी कुणाला दिलेलं नाही.

जेवणानंतर ती मला शोधत आली. "आंटी जी, आपने मुझे डाँटा."

मी माफी मागायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "नहीं नहीं. डेढ़ साल में पहली बार किसी ने डाँटा है. मम्मी भी नहीं डाँटती. छोटा भाई ग्लास तोड़े तो चप्पल खाता है. मैं तोड़ूँ तो मम्मी रोने लगती हैं. मुझे लगता है घर में मैं मेहमान हूँ."

मग कूलरच्या घरघरीत तिने बाकीचं सांगितलं. थंडीत पहाटे चहा करताना मागच्या फळीवरचा डबा काढायला वाकली आणि ओढणीने पेट घेतला. आईने रजईत गुंडाळून विझवलं. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत गेलेली नाही. आता पटियालाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात राहायचं होतं. इस्पितळात महिनोन् महिने ज्यांनी सांभाळलं त्यांच्यासारखं व्हायचं तिने तिथेच पडल्या पडल्या ठरवलं होतं. आई पाठवायला तयार नव्हती. रडारड झाली, तेव्हा आई म्हणाली, "जिस दिन अपने हाथ से गैस जलाकर मुझे चाय पिलाएगी, उस दिन चली जाना." आणि असं म्हणणारी हीच आई तिला घरच्या गॅसजवळ फिरकू देत नव्हती. शनिवारी पालक यायचे होते. सोमवारी फी भरायची, म्हणजे जागा ठेवायची की सोडायची, याची शेवटची मुदत होती.

"और मुझे माचिस की आवाज़ से भी पसीना आता है," ती म्हणाली आणि हसली, "मतलब, जहाँ आता है वहाँ."

कनातीपलीकडे

मी मुग्धाला गाठलं. आधी ती माझ्यावरच भडकली. "तू रागावलीस तिला, सगळ्यांसमोर!" मग शर्तीचं ऐकल्यावर खुर्ची ओढून बसली. गॅसजवळ उभं राहायचा सराव तिने इस्पितळातच सुचवला होता, पण हरलीनच्या आईने घाबरून लेकीला घरी नेलं होतं. "हे असं हळूहळूच करायचं असतं, आई. घाई केली तर उलटं होईल. आणि मी असल्याशिवाय नाही."

ती बावा मॅडमशी बोलायला गेली. पाऊण तास लागला. बाहेर आली ती चार अटी घेऊन. पहाटे इतर मुलं उठायच्या आत, मुग्धा हजर, पाण्याची बादली आणि ओलं घोंगडं हाताशी, आणि तिथे मी एकही निगेटिव्ह शब्द उच्चारायचा नाही. पहिल्या तीन अटी आम्ही पाळल्या.

बुधवारी गॅस बंदच ठेवला. हरलीनने केस घट्ट बांधलेले, ओढणी खोलीत ठेवलेली. तिने फक्त लायटर हातात धरायचा आणि टकटक करायचं. उजव्या हाताचा अंगठा त्याची कळ दाबायला पुरेना. डाव्या हाताने जमलं. पहिल्या आवाजाला ती अशी दचकली की लायटर डाळीच्या पातेल्यात पडला. तो धुऊन पुसून वाळवण्यात सकाळ गेली. दुपारी सगळ्यांनी डाळ खाल्ली, चव बरी होती.

गुरुवारी शेगडी मी पेटवली. ती दहा हातांवर, मग आठ, मग पाच. तिची नजर त्या निळ्या कड्यावरून हलत नव्हती. मी बारीक आचेवर दूध तापवत उगीच बडबडत होते. मुग्धाचं काही नाही, तिचं यातलं शिक्षण झालंय. मी कोण? पीठ घेऊन आलेली बाई. या मुलीला पुन्हा काही झालं तर मी सांगलीला कुठलं तोंड घेऊन जाणार होते? मी बडबडले ते त्या भीतीपोटी.

शुक्रवारी तिने उजव्या हाताने बटण फिरवलं, डाव्याने लायटर ओढला. भक्क करून जाळ आला आणि ती पळाली. थेट अंगणाच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत. मुग्धाने शांतपणे गॅस बंद केला आणि जागची हलली नाही. हरलीन झाडाला टेकून उभी राहिली, दोन-तीन मिनिटं असतील. मग परत आली.

"पहले लायटर, फिर बटन," मी म्हटलं. "गॅस जमा होने देती हो, फिर भक्क नहीं करेगा तो क्या आरती गाएगा? और भागना है तो बटन बंद करके भागो."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं, पण ती हसत होती. हरलीनने पुन्हा केलं. यावेळी जाळ हलकेच लागला. तिने चहा केला. पाय धुतलेल्या पाण्यासारखा होता. मी तसं सांगितलं आणि तिने आनंदाने दुसरा टाकला.

शनिवार

दुपारी चारनंतर पालक आले. हरलीनची आई लहानखुरी, फिकट गुलाबी सलवार-कमीज, हातात लेकीसाठी घरच्या पिन्न्यांचा डबा. पिन्नी म्हणजे तुपातला कणकेचा लाडू, एक खाल्ला की रात्रीचं जेवण नको. बाई लेकीच्या बाजूला बसल्या आणि तिच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकत राहिल्या.

सूर्य मावळतीला गेला तशी बावा मॅडमची विजेची शेकोटी लागली. पट्ट्या फडफडल्या, टाळ्या पडल्या, मॅडम भाषणाला उभ्या राहिल्या आणि "डियर चिल्ड्रन" म्हणताच वीज गेली. दिवे गेले, पंखा थांबला, माइक मेला आणि जाळाच्या पट्ट्या मान टाकून लोंबकळल्या. बिचाऱ्या मॅडम विझलेल्या शेकोटीकडे पाहत राहिल्या. आता अख्ख्या कॅम्पमध्ये जाळ उरला होता तो एकच, कनातीपलीकडचा.

हरलीन उठली. "मम्मी, आओ. चाह पिलाणी ए."

आम्ही चौघी मागे गेलो. अजून उजेड होता. मुग्धा बादलीशी उभी राहिली. हरलीनने केस बांधले, लायटर उचलला, बटण फिरवलं. जाळ लागला, निळा, शिस्तीत. आणि आईने किंकाळी फोडून झडप घातली आणि बटण बंद केलं.

"मम्मी!"

"ओ, हवा चल रही सी, पुत्तर."

हवा कसली? पान हलत नव्हतं. हरलीनने पुन्हा पेटवला. आईने पुन्हा बंद केला. यावेळी तिला कारणही सुचलं नाही. परीक्षा घ्यायला आलेली बाई स्वतःच पेपर फाडत होती. हरलीनचा चेहरा पडला. मला वाटलं, गेलं पटियाला.

हरलीनने लायटर खाली ठेवला, आईचे दोन्ही खांदे धरले आणि तिला कनातीकडे वळवलं. "मम्मी, तुसी बाहर बैठो. चाह आंदी ए." आणि मला म्हणाली, "आंटी जी, इनको ले जाइए."

मी त्यांना घेऊन विझलेल्या शेकोटीशी येऊन बसले. त्यांचा हात माझ्या हातातच होता. कनातीमागून लायटरचा आवाज आला तशी त्यांनी माझी बोटं अशी आवळली की मला दोन दिवस भाकरी थापता आली नसती.

"मैं नहीं जलाती जी," त्या हळूच म्हणाल्या. "डेढ़ साल से. सुबह इसके पापा जला के जाते हैं, शाम को पड़ोसन. इसको नहीं पता."

आमच्या यादीत यासाठी शब्दच नव्हता. मी नुसता हात धरून ठेवला.

चहा यायला किती वेळ लागला कोण जाणे. हरलीन आली ती स्टीलच्या ताटलीत दोन कप घेऊन, अगदी सावकाश, कारण उजव्या हातात ताटली नीट पेलत नव्हती. एक आईला, एक मला. आईने फुंकर घातली, घोट घेतला. बावा मॅडम पुढे सरसावल्या होत्या, "अमेझिंग" त्यांच्या ओठांवर येऊन थांबलेलं दिसत होतं.

आईने दुसरा घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चीनी किन्नी पाई ए?"

"दो चम्मच."

"दो? ते एह शरबत किद्दां बण गया? पत्ती वी ज़्यादा काढ़ दित्ती. अदरक कुट्टेया नहीं, टुकड़े तैर रहे ने." त्यांचा आवाज चढत चालला. "एहो जेही चाह पिलाएंगी ओत्थे? पटियाले जा के साडा नक्क वढाएंगी?"

"मॅम, प्लीज, ओन्ली पॉझिटिव्ह," बावा मॅडम कळवळून म्हणाल्या.

पण हरलीन ऐकतच नव्हती. पटियालाला जाऊन आमचं नाक कापशील, या रागावण्यातलं तिने ऐकलं होतं ते एकच, "पटियाले जा के." ती आईसमोर उकिडवी बसली, हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि आई कप न सोडता बोलतच होती, दूध उतू घातलं असशील, ओटा पुसला का, दीड वर्षाचं साचलेलं सगळं एका दमात. बोलता बोलता कप रिकामा झाला. मुग्धा कनातीशी उभी राहून डोळे पुसत होती. तिला मी लहानपणी पुरेसं रागावले होते, त्यामुळे तिला ते कळलं असावं.

मग दोघी मायलेकी माझ्याकडे वळल्या. हरलीन म्हणाली, "आंटी जी, आप बताइए. सच-सच."

मी चहा पिऊन पाहिला. फक्कड झाला होता. आलं बेताचं, वेलची जिथल्या तिथे, साखरेवर बोट ठेवायला जागा नाही. सिमल्याला गेले असते तर असला चहा मिळाला नसता.

"अदरक कम है," मी म्हटलं.